निंबाअप्पांच्या हातातला एक्का

निंबाअप्पा पत्ते उचलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहत नसत. बाकी सगळे पाहत. सुरतच्या दिंडोलीतल्या आमच्या सोसायटीतली माणसं तीन पत्ती खेळत मोठी झालेली. समोरच्याची भुवई हलली की पॅक, त्याने ओठ दाबले की चाल, असा त्यांचा साधा हिशेब. अप्पा मात्र आपली पानं तळहाताच्या आडोशाला धरून फक्त त्यांच्याकडे पाहत, आणि बराच वेळ पाहत. पुढे दोन पानांचा पोकर सुरू झाल्यावर आमच्या डावातल्या हसमुखभाईंनी एकदा वैतागून विचारलं, "अप्पा, दोन पानांत एवढं काय वाचता? पंचांग आहे का?"

"माझ्याकडे काय आहे ते नाही बघत," अप्पा म्हणाले. "तुमच्याकडे काय असू शकत नाही, ते बघतो."

त्यांना मी ओळखत होतो तो सगळा काळ हे वाक्य या ना त्या रूपात माझ्या कानावर पडत राहिलं. शेवटी त्याचं जे झालं, ते क्रमाने सांगायला हवं.

अप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. वडील आधी सुरतला आले, सांचावर, म्हणजे यंत्रमागावर, लागले, आणि मागून कुटुंब आलं. अप्पा डिप्लोमा झालेले, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये मेन्टेनन्स फोरमन. आवाज मोठा, मत ठाम, शर्टाच्या खिशात टेस्टर. मशीन बंद पडलं की ते आधी न बिघडलेले भाग मोजत. "मोटर गरम आहे? म्हणजे करंट येतोय. म्हणजे फ्यूज नाही. फ्यूज सोडून बोला." कारागिरांना ही पद्धत कंटाळवाणी वाटे. पण दुरुस्ती होई, आणि झाली की अप्पा ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावून सांगत.

मी तेव्हा एका दैनिकाच्या शहर पानावर होतो. कचेरी संध्याकाळची, त्यामुळे दुपारी घरी असायचो. अप्पांचं घर समोरच. ओट्यावर सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, साड्यांना टिक्की आणि स्टोन लावायचं काम घेऊन बसत. मुलगी वैशाली लग्न होऊन बारडोलीला गेलेली. मुलगा चेतन इच्छापोरच्या कारखान्यात कंत्राटावर, माल चढवायच्या कामाला. खांदे रुंद, बोलणं अर्धं गुजराती, आणि जिना चढायचा तो दोन-दोन पायऱ्या गाळून.

पत्त्यांना घरात परवाना दोनदाच. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायका झोक्यावर आणि पुरुष पत्त्यांवर बसतात, त्यांना कोणी अडवत नाही. सुरतेत आल्यावर त्यात श्रावणातल्या सातम-आठमची, म्हणजे गोकुळाष्टमीच्या दिवसांची, भर पडली, कारण इथे अख्खं गाव त्या दिवसांत पत्ते खेळतं. एरवी पत्त्यांचा कॅट कपाटात. फक्त काकू एखाद्या रविवारी मुलीकडे बारडोलीला गेल्या की दुपारी अप्पांकडून निरोप यायचा, "पत्रकार, ये. सरकार गावाला गेलंय."

पोकर अप्पांनी मिलमधून आणला. शेठचा पुतण्या परदेशात शिकून आलेला, जेवणाच्या सुट्टीत तो शिकवायचा. प्रत्येकाला दोन पानं, ती झाकलेली. मधे पाच पानं उघडत जातात, ती सगळ्यांची. सातातून उत्तम पाच ज्याची जुळतील तो जिंकला, किंवा बाकीच्यांना घाबरवून जो शेवटपर्यंत उरला तो. तीन पत्तीवाल्यांना हे आठवड्याभरात जमलं. पैसा लावायचा नाही, ही अप्पांची अट. "पैसा आला की पाठोपाठ पोलीस येतो, आणि त्याच्याही पाठोपाठ सुमन येते." म्हणून काकूंच्या डब्यातल्या टिकल्या. सोनेरी मोठी, चंदेरी मधली, लाल लहान. ज्याच्या टिकल्या संपतील त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फाफडा-जलेबी आणायची.

खेळायला अप्पा, मी, बँकेतून निवृत्त झालेले हसमुखभाई आणि पलीकडच्या गल्लीतले बोरसे. सुरू करण्याआधी अप्पा कॅट मोजत. बावन्न पानं स्वतःच्या बोटांनी, दर वेळी. बोरसे म्हणत, "अप्पा, मागच्या वेळेपासून कपाटातच होता तो, पोरं थोडीच झाली असतील त्याला!" अप्पा मोजणं पुरं करूनच पिसायला घेत. कॅट पुरा आणि एकच असेल तरच त्यांच्या विद्येला अर्थ होता.

ती विद्या काय, हे मला एका रविवारी दिसलं. मधे पाच पानं उघडलेली, त्यात तीन बदाम. ज्याच्या हातात दोन बदाम त्याचा कलर जुळला. हसमुखभाईंनी शांतपणे चंदेरी टिकल्या पुढे सरकवल्या. माणूस सावध, उगाच सरकवणारा नाही. अप्पांनी आपली पानं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि सगळ्या सोनेरी टिकल्या मधे लोटल्या. हसमुखभाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि पॅक केलं. पॅक करताना आपली पानं दाखवली. खरंच दोन बदाम होते, पंजा आणि छक्का.

अप्पांनी आपली पानं उलटली. बदामाचा एक्का, आणि सोबत किलवरची सत्ती. त्यांच्याकडे काहीच जुळलेलं नव्हतं.

"आ तो लूंट छे!" हसमुखभाई ओरडले.

"लूट कसली? सगळ्यात मोठा कलर एक्क्याचा. एक्का माझ्या हातात. म्हणजे तो तुमच्या हातात नाही, हे मला माहीत. माझ्या हातात त्याचा जोडीदार नाही, हे तुम्हाला माहीत नाही. एवढ्यावर सगळं उभं."

दुसरी बाजू त्यांनी मला जमिनीवर पानं मांडून दाखवली. चार राण्या ओळीने ठेवल्या. "समोरचा जोर लावतोय. भीती अशी की त्याच्याकडे राण्यांची जोडी असेल. चार राण्यांतून दोन-दोन किती प्रकारे निघतील?" मी बोटांनी जोड्या लावल्या. सहा. त्यांनी एक राणी उचलून माझ्या हातात दिली. "ही तुझ्याकडे आली. आता त्याच्यासाठी किती?" तीनमधून तीन. "बघ. तू काहीच केलं नाहीस, नुसती एक राणी धरून बसलास, आणि त्याची भीती निम्मी झाली."

मी प्रभावित झालोय हे पाहून त्यांनी लगेच बोट उगारलं. "पण हे मीठ आहे, भाजी नाही. डाव काठावर असेल, हो की नाही अर्धं-अर्धं असेल, तेव्हाच हातातल्या पानाकडे बघायचं. एरवी नाही. नुसतं मीठ खाणारा मरतो."

आतून काकूंचा आवाज आला. बारडोलीची बस चुकल्याने त्या मधूनच परतल्या होत्या. "आणि हाऊ माणूस नुसता मीठवरच जगस!"

पंपाच्या चावीची गोष्ट इथेच सांगायला हवी. सोसायटीच्या पाण्याच्या मोटरच्या खोलीला कुलूप होतं आणि चावी अप्पांकडे. त्या उन्हाळ्यात भर दुपारी कोणीतरी मोटर चालू करायचं, टाकी भरून वाहायची. संशय अर्थात अप्पांवर. सोसायटीच्या बैठकीत त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "चावी एक. ती माझ्या खिशात. म्हणजे दुसऱ्या कोणाकडे नाही. मी मोटर लावली नाही. म्हणजे कोणीच लावली नाही. म्हणजे स्टार्टर चिकटतोय." बैठकीला हे पटलं. अप्पांनी स्टार्टर स्वतः खोलला, घासला, बसवला. पुढच्या दुपारी टाकी पुन्हा वाहिली. शेवटी हसमुखभाईंनी कबूल केलं की अप्पा गावी गेले असताना अडचण नको म्हणून त्यांनी एक चावी करून घेतली होती, आणि त्यांच्या घरचे ती वापरत होते.

सगळे पोट धरून हसले. अप्पा हसले नाहीत. आळ आला याचं त्यांना फारसं वाटलं नाही. दुसरी चावी होती, याचं वाटलं. कितीतरी दिवस ते मधूनच म्हणत, "सांगायला पाहिजे होतं. दुसरी आहे हे सांगायला पाहिजे होतं."

अप्पांच्या घरातली दोन माणसं अचानक गेली होती. वडील कारखान्यात सुताचा बीम उचलताना पडले, ते उठले नाहीत. मोठा भाऊ तरुणपणीच गावी धावत बस पकडताना गेला. वडिलांचं काम जड होतं म्हणून झालं, भावाचं उन्हाने झालं, अशी घरात समजूत. काकूंच्या सासूबाई बाहेरचं काही आहे असंही म्हणत. अप्पा या विषयावर बोलत नसत. बोरसेंनी एकदा छेडलं तेव्हा म्हणाले, "दोन पानं उघडली ना टेबलावर? मग कॅटमध्ये तेवढी कमी." आम्ही ते विनोद म्हणून घेतलं.

आखाजीच्या थोडं आधी अप्पा मिलच्या लोखंडी जिन्यावर चक्कर येऊन बसले. चेतन कामावर होता, म्हणून स्कूटरवरून मी त्यांना एका हृदयरोगतज्ज्ञाकडे नेलं. तपासणी झाली, डॉक्टरांनी एकट्या अप्पांना आत बोलावलं, मी बाहेर बसलो. बाहेर आले तेव्हा ते नेहमीसारखे होते. हृदयाचा स्नायू जाड झालाय, गोळी रोज घ्यायची, ओझं उचलायचं नाही, धावायचं नाही. हे सगळं त्यांनी मला जिन्यातच सांगितलं आणि घरी गेल्यावर काकूंनाही.

"आखो काय म्हना डॉक्टर?" काकूंनी विचारलं.

"तेल कमी खा म्हना."

डॉक्टर आणखी जे म्हणाले होते, ते अप्पांनी मला खूप नंतर सांगितलं. "आ घरमां चाले छे," डॉक्टर म्हणाले होते. हा आजार रक्तातून उतरतो. वडील आणि भाऊ बहुधा यानेच गेले. मुलं किती? दोन? दोघांना घेऊन या, छातीची सोनोग्राफी करू. प्रत्येकाला असण्याची शक्यता पन्नास-पन्नास. आणि तरुण मुलांना काही त्रास नसतो. जोराचं काम करताना, खेळताना, एकदम होतं. तोवर मुलाला ओझ्याचं काम देऊ नका.

पन्नास-पन्नास हा शब्द अप्पांनी ऐकला. तो त्यांच्या ओळखीचा होता. काठावरचा डाव. काठावर असताना हातातल्या पानाकडे बघायचं.

"पान माझ्या हातात आलं होतं रे," ते मला म्हणाले. "डॉक्टर माझ्याकडे बघून सांगत होता, एक्का तुमच्याकडे आहे. आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं वाटलं. माझ्याकडे आहे, म्हणजे चेतनकडे नाही."

हे खोटं आहे हे त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. दोन माणसांना एकाच कॅटमधून पानं वाटली तरच तो नियम चालतो, हे त्यांच्याइतकं आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांनी मुलांना काही सांगितलं नाही. इको करायला कोणाला नेलं नाही. आखाजी आली. त्या दिवशी ते नेहमीसारखे मोठ्या आवाजात खेळले आणि जिंकले.

त्यानंतरचे महिने मी समोरून पाहिले ते असे. चेतन कामावरून आला की अप्पा ओट्यावर असत. तो दोन-दोन पायऱ्या गाळून वर गेला की ते मान वर करून जिन्याकडे पाहत. एकदा विचारलेलं ऐकलं, "दम लागस का रे?"

"मने शेनो दम? तुम्हीच गोळ्या खाता, अप्पा."

अप्पा मोठ्याने हसले. मग खिशातली गोळी काढून त्याच्यासमोर घेतली, बराच वेळ तोंडात धरली, आणि पाण्याशिवाय गिळली. ते गोळी नेहमी सगळ्यांसमोर घेत. ते असं उघड्यावर का घेत असत, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता वाटतं, पान उघडं करून दाखवत होते.

श्रावणात एक दिवस चेतन माल चढवताना दरवाजाला टेकून बसला होता, असं त्याच्या सोबत्याने गंमत म्हणून ओट्यावर सांगितलं. "चेतनभाईला झोप आली ट्रकमध्ये!" काकू हसल्या. अप्पा उठून आत गेले. त्या आठवड्यात त्यांनी हसमुखभाईंना विचारलं, बँकेत विम्याचे लोक घराण्यातले आजार का विचारतात? हसमुखभाईंनी समजावून सांगितलं. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण एका घरात किती वेळा निघणार? कुठेतरी संपतच असेल ना." हसमुखभाई म्हणाले, संपत असतं तर त्यांनी विचारलंच नसतं.

आठम आली. आमच्याकडची खानदेशी पोरं दरवर्षी त्या संध्याकाळी गोविंदा करतात. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत मटकी, म्हणजे दहीहंडी, बांधतात आणि दुपारभर थर लावायची तालीम चालते. चेतन खालच्या थरात, नेहमीच्या जागी. सगळं ओझं त्या थरावर येतं.

आत आमचा डाव. सकाळी बोरसेंच्या घरी पाहुण्यांनी रमी खेळली होती आणि कॅट तिथूनच आला होता. अप्पांनी त्या दिवशी तो मोजला नाही. खिडकीतून मागची जागा दिसत होती, ढोल वाजत होता, आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. बोरसे म्हणाले, "आज मोजायचं नाही का? पोरं झाली असली तर?" अप्पांनी, पानं वाट, असं नुसतं हाताने खुणावलं.

चौथा की पाचवा डाव असेल. मधे पाच पानं उघडली, त्यात तीन इस्पिक. इस्पिकचा राजा त्यातच. मी आणि बोरसे पॅक झालो होतो. हसमुखभाईंनी आपल्या सगळ्या टिकल्या, सोनेरी धरून, दोन्ही हातांनी पुढे लोटल्या.

अप्पांनी पानं पाहिली. बराच वेळ. बाहेर कोणी तरी "अजून एक थर! अजून एक!" ओरडलं. अप्पांचं लक्ष क्षणभर तिकडे गेलं आणि परत आलं.

"हसमुखभाई, कलर आहे म्हणता?"

"शो करो ने, अप्पा. मग कळेल."

"नाही. एवढ्या टिकल्या तुम्ही एक्क्याच्या कलरवरच लोटाल. एक्का तुमच्याकडे नाही."

"तमने बहु खबर!"

"खबर आहे. काठावर आहे हा डाव, पण एक्का तुमच्याकडे नाही." अप्पांनी टिकल्या पुढे सरकवल्या. "शो."

अप्पांनी पानं उलटली. चौकटचा राजा आणि इस्पिकचा एक्का. राजांची जोडी.

हसमुखभाईंनी आपली उलटली. इस्पिकची दश्शी. आणि इस्पिकचा एक्का.

 मग बोरसेंनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! सकाळी रमीला दोन कॅट एकत्र केले होते. पाठ सारखीच. उठताना पोरांनी अंदाजाने अर्धे-अर्धे केले असतील." हसमुखभाई हसत सुटले, हसता हसता त्यांना ठसका लागला. "चावी पण माझ्याकडे, एक्का पण माझ्याकडे!" बोरसे म्हणाले, "सुरत आहे अप्पा, इथं प्रत्येक मालाची कॉपी निघते. डाव रद्द!"

अप्पांनी दोन्ही एक्के उचलले आणि शेजारी शेजारी ठेवले. एकमेकांना चिकटवून. त्यांचा चेहरा मी पाहत होतो, कारण पाहण्यासारखं दुसरं काही राहिलं नव्हतं. मग ते उठले. चप्पल न घालता मागच्या दाराने बाहेर गेले.

आम्ही दारापर्यंत गेलो. थर लागलेले होते. चेतन तळाशी, दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर, मान खाली, पाठीवर दोन पायांचे ठसे. त्याच्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा चढत होता. अप्पा धावत निघाले आणि अर्ध्यातच थांबले. हाक मारायला त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. त्यांनी ते मिटलं. वरचा उतरल्याशिवाय खालच्याला हलता येत नाही, आणि खालचा हलला तर सगळेच खाली येतात.

ते तिथेच उभे राहिले. वरच्या पोराने हात वर केले, सगळ्यांनी आरोळी दिली, ढोल वाढला. कोणीतरी म्हणालं, थोडं धरून ठेवा, संध्याकाळी जास्त वेळ धरावं लागेल. त्यांनी धरून ठेवलं. चेतनच्या पोटऱ्या थरथरत होत्या. अप्पांचा एक हात स्वतःच्या छातीवर होता, तो दुखण्यामुळे की कशामुळे, सांगता येत नाही. मग वरचा उतरला. मग त्याखालचे. मग चेतन सरळ झाला, आणि अप्पांनी जाऊन त्याचं मनगट धरलं.

"घर चाल."

"काय अप्पा? बधा जुए छे!"

"पाहू दे. घर चाल."

"संध्याकाळी मटकी आहे."

"मटकी ऱ्हाऊ दे. डॉक्टरनी तुले बलायेल शे."

"मले? कोणत्या डॉक्टरनी? कव्हा?"

 ढोल थांबला होता. काकू साडी हातात घेऊन ओट्यावरून उठून आल्या होत्या.

"आखाजीना आधी," अप्पा म्हणाले.

काकूंनी ते एकदाच परत म्हटलं. "आखाजीना आधी?" मग त्यांनी चेतनचं दुसरं मनगट धरलं आणि दोघांच्या मधून त्याला घरी नेलं. अप्पा मागून चालत आले.

सण उलटल्यावर तपासणी झाली. चेतनला तोच आजार निघाला, वडिलांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी ओझं, खेळ, धावणं, सगळं बंद केलं. छातीत मशीन बसवावं लागेल का ते पुढच्या तपासणीत ठरणार होतं. इच्छापोरचं काम सुटलं. त्याच कारखान्यात गेटवर बसायचं काम मिळालं, ते त्याने नाकारलं, मग घेतलं. जिना तो एकेक पायरी चढू लागला.

बापाशी तो बोलेनासा झाला. फक्त एकदा, ओट्यावर आम्ही सगळे असताना, शांतपणे म्हणाला, "पानं माझी होती, अप्पा. मला उचलू तरी द्यायची होती."   कपाटातला आणि रमीचा, दोन्ही कॅट काकूंनी फेकले. त्यांनी अप्पांना काही विचारलं नाही, आणि अप्पांनी स्वतःहून मला सगळं सांगितलं ते याच दिवसांत. आवाज लहान झाला होता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रुग्णालयात. मी तिथे दुसऱ्या एका बातमीसाठी गेलो होतो. माझी बदली झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी सुरत सुटली, म्हणून शेवटचं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर अप्पा बसले होते. शेजारी बारडोलीहून आलेली वैशाली, तिच्या मांडीवर तिची लहान मुलगी. वैशालीला आधीच्या तारखेला यायचं होतं, ऊसतोडीच्या दिवसांत नवऱ्याला सुटी मिळाली नाही, म्हणून लांबलं. मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता आणि ती तो फोडायच्या प्रयत्नात होती.

वैशाली बापाला धीर देत होती. "तुम्ही इतकं मनावर घेऊ नका, अप्पा. दादाला निघालं ना? मग मला नसणार. एका घरात दोघांना कसं निघेल?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. ते बोलले तेव्हा आवाज अगदी खालचा होता, पण शब्द फोरमन कारागिराला सांगतो तसे एकेक करून सांगितलेले. "नाही, बेटा. तो नियम इथं नाही चालत. इथं प्रत्येकाला नवा कॅट फोडतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तू जा."

आतून तिचं नाव पुकारलं. वैशालीने मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि ती आत गेली. दार बंद झालं. मुलीने पुडा अप्पांपुढे धरला, त्यांनी तो फोडून दिला, एक बिस्किट तिच्या हातात ठेवलं. मग ते दाराकडे वळून बसले.

वेळ गेला. दार उघडलं आणि आधी तपासणी करणारी बाई बाहेर आली, पाठोपाठ वैशाली. अप्पा बाईच्या तोंडाकडे पाहत होते. भुवईकडे, ओठांकडे, पापणी न लववता, जसे इतके दिवस आम्ही सगळे पाहायचो.